शुद्धिपत्र

प्रति, उद्यान अधीक्षक, कलिना संकुल.
वृक्षगणनेची यादी, पान एकवीस, ओळ सहावी,
झाड क्रमांक सातशे बारा :
'मृत' असे छापले आहे.
तिथे 'कौशी' असे वाचावे.

चूक माझी.
जानेवारीतली दुपार, जेवणाची वेळ टळून गेलेली,
ग्रंथालयामागच्या उतारावर
जनरेटरच्या शेडला खेटून उभं होतं,
अंगावर एक पान नाही.
घेर मी मोजला. एकशे अठरा सेंटिमीटर.
साल राखाडी. नखाने जरा खरवडून बघायची असते,
खाली हिरवं असेल तर जीव आहे,
हे केळुसकर मॅडमनी पहिल्याच तासाला शिकवलेलं.
मी टेप गुंडाळत होते.
गुंडाळता गुंडाळता सायलीला म्हटलं, लिही, मृत.
रकाना अरुंद होता, तरी मावलं.

इनासमामा त्या आठवड्यात रजेवर.
कोलेकल्याणच्या गावठाणात पुतणीचं लग्न.
तेहतीस वर्षं इथे पाणी घालणाऱ्या माणसाला
यादी लागत नाही :
शिवण कुठे, वारस कुठे,
परीक्षा भवनापाशी सातवीण फुलली
की कुठल्या बाईंचं डोकं चढतं,
मिठीच्या अंगाला उरलेला एकुलता निवर
कुठल्या नाल्यात पाय सोडून बसलाय.
आणि आम्ही?
गुलमोहर, सोनमोहर, सुबाभूळ, परत गुलमोहर,
एका सकाळीत दोनशे.
पत्रे मात्र खिळ्याने नाही ठोकले, स्प्रिंगने बांधले.
त्याचा फार अभिमान होता आम्हाला.

फेब्रुवारीत परवानगी आली.
शेडला चार फूट वाढ हवी होती
आणि मेलेल्या झाडासाठी कोण हरकत घेणार?
ठेकेदाराच्या माणसाने तांबडी फुली मारली.
त्याला शोधत फिरावं लागलं नाही.
पत्रा माझा होता, आकडा ठळक.

मार्चच्या नऊ तारखेला मामांचा फोन :
"येऊन बग गो."
बास. एवढंच.

फुली होती तिथेच होती.
तिच्या वर, काटकी न् काटकी,
नारिंगी.
पान एकही नाही, नुसती फुलं,
कुणी निखाऱ्यांची पाटी वरून ओतावी
आणि एकही खाली पडू नये, तशी.
दोन शिंजीर भांडत होते, जागा पुरून उरत असूनही.
शेडमध्ये जनरेटर धडधडत होता.
"झार मेला नाय. निजला व्हता,"
मामा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता
पाइप दुसऱ्या आळ्यात टाकला.

तरी पुढील दुरुस्त्या कराव्यात, ही विनंती.
एकूण प्रजाती : चौऱ्याण्णव नव्हे, पंच्याण्णव.
'स्थिती'खाली उत्तम, बरी, मृत इतकेच पर्याय आहेत,
'आम्हाला ठाऊक नाही' हा चौथा वाढवावा.
'मोजणी करणार'मध्ये माझ्या नावाच्या आधी
इनास मिरांडा असे लिहावे.
(पगारपत्रकात ते अजून 'मदतनीस' आहेत.
ती चूक माझी नाही.)

हे तिसरं पत्र.
आधीची दोन, आवक क्रमांकांसह, सोबत जोडली आहेत.
दरम्यान फुलं गळून गेली.
शेंगा पिकायच्या आतच उलगडल्यात, पातळ, कागदासारख्या,
दाणे अगदी कडेला बसलेत, पडू की नको.
कुऱ्हाड आलेली नाही. येणार नाही, असंही कुणी म्हटलेलं नाही.
रविवारी मी थिनर घेऊन गेले, फुली घासली.
रंग निघाला नाही,
थोडी साल तेवढी सोलवटली.

खाली हिरवं होतं.
जानेवारीतही असणार.

कळावे.